न खेळलेल्या हंगामाचे पान

आमच्या घरी कापडी पाठीची एक लांबोळकी वही आहे. मुळात ती अडतदुकानातली कीर्द. माझ्या थोरल्या काकांनी ती कुठून तरी कोरी मिळवली आणि तिच्यात रणजी करंडकाचे निकाल लिहायला घेतले. काका गणिताचे शिक्षक. प्रत्यक्ष डोळ्यांनी त्यांनी रणजीचे फार तर चार-पाच सामने पाहिले असतील. सांगली आणि धारवाड ही आकाशवाणीची दोन केंद्रे आणि एका दिवसाने शिळे झालेले वर्तमानपत्र एवढ्या भांडवलावर त्यांनी चाळीसेक वर्षे ही वही चालवली. प्रत्येक हंगामाला एक पान. वर डाव्या कोपऱ्यात साल, मग बाद फेरीचे निकाल, अंतिम सामन्याचा धावफलक आणि तळाला लाल शाईत एका ओळीचा शेरा. १९७३-७४ साली कर्नाटकाने मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका खंडित केली. त्या पानावरचा शेरा आहे : ‘आनंद कुणाच्या बाजूने मानावा, कळेना.’ सीमाभागातल्या मराठी घराचे इतके नेमके वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

काका गेल्यावर वही माझ्याकडे आली. अक्षर बिघडले, लाल शाईच्या जागी बॉलपेन आले, पण क्रम मोडला नाही. मोडला तो २०२०-२१ साली. त्या पानावर साल आहे आणि खाली काही नाही. निकालच नव्हते तर लिहायचे काय? शेरा मात्र लिहायला हवा होता आणि तो मला सुचला नाही. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या शेऱ्याची भरपाई आहे असे वाचकांनी समजावे. तो एका ओळीत मावला नाही, एवढेच.

आधी घडले काय ते सांगतो. १३ मार्च २०२० रोजी राजकोटला सौराष्ट्र आणि बंगाल यांच्यातला अंतिम सामना संपला. शेवटच्या दिवशी प्रेक्षकांना आत सोडले नव्हते. पहिल्या डावातल्या ४४ धावांच्या आघाडीवर सौराष्ट्राने आपला पहिला करंडक घेतला. जयदेव उनाडकटने त्या हंगामात ६७ बळी घेतले. वेगवान गोलंदाजाने एका रणजी हंगामात इतके बळी पूर्वी कधीच घेतले नव्हते. रिकाम्या बाकांपुढे करंडक उंचावला गेला आणि पुढच्या काही दिवसांत सारा देशच घरात बसला. त्यानंतर रणजीचा चेंडू पडला तो १७ फेब्रुवारी २०२२ रोजी. मधले सारे वर्ष गेले. २०२१-२२चा हंगामसुद्धा जानेवारीत सुरू व्हायचा होता, तो तिसऱ्या लाटेमुळे ऐनवेळी पुढे ढकलला गेला आणि अखेर दोन तुकड्यांत उरकला.

हंगाम रद्द झाल्याची बातमी आली ३० जानेवारी २०२१ रोजी. नियामक मंडळाने राज्य संघटनांना कळवले की, यंदा रणजी होणार नाही. त्याऐवजी विजय हजारे करंडकाची एकदिवसीय स्पर्धा, महिलांची एकदिवसीय स्पर्धा आणि एकोणीस वर्षांखालील मुलांची विनू मांकड स्पर्धा घेण्यात येईल. यातली शेवटची तर मार्चमध्ये रुग्ण वाढू लागल्यावर पुढे ढकलली गेली. सय्यद मुश्ताक अली करंडकाची वीस षटकांची स्पर्धा जानेवारीत चालूच होती. बातमीच्या दुसऱ्याच दिवशी तिचा अंतिम सामना अहमदाबादला झाला. बडोद्याचा संघ केदार देवधरच्या नेतृत्वाखाली त्यात खेळला आणि तामिळनाडूकडून हरला. बडोद्यातल्या आमच्या नातलगांनी सामन्यानंतर दूरध्वनी केला तो हरल्याचे दुःख सांगायला. रणजी नाही याची त्यांना अजून कल्पना नव्हती. बातमी तशी लहानच होती.

या बातमीच्या भाषेकडे जरा पाहू. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्तमानपत्रात एकच वाक्प्रयोग होता : ‘८७ वर्षांत प्रथमच’. आकडा बरोबर आहे. १९३४-३५ साली स्पर्धा सुरू झाली, मद्रास आणि म्हैसूर यांच्यातला पहिला सामना तर एका दिवसात आटोपला, आणि तेव्हापासून एकही साल रिकामे गेले नव्हते. पण क्रिकेटच्या बातमीदाराला ‘प्रथमच’ या शब्दाची इतकी सवय लागली आहे की, तो विक्रमाला लावायचा शब्द तो पोकळीलाही लावून मोकळा होतो. ‘प्रथमच’ म्हटले की वाचकाचे समाधान होते, काही तरी नोंदले गेल्यासारखे वाटते आणि तो पान उलटतो. कुणाचे काय गेले हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकला जातो. स्मशानातल्या रांगांच्या बातम्यांशेजारी एका स्पर्धेचे रडगाणे कोण गाणार, हा संकोच मी समजू शकतो. तरीही संकोच वेगळा आणि उरकून टाकणे वेगळे.

या ‘८७ वर्षां’च्या आत दुसरे महायुद्ध आहे. इंग्लंडमध्ये काउंटी स्पर्धा बंद पडली, ऑस्ट्रेलियात शेफील्ड शील्ड थांबली, पण रणजी करंडक एकही वर्ष चुकला नाही. उलट युद्धानेच त्यात रंग भरला. डेनिस कॉम्प्टनसारखा इंग्लंडचा फलंदाज लष्करी नोकरीत महूला होता, तो होळकर संघाकडून खेळला. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या. त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या आणि होळकर संघ हरला. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत या सामन्याच्या गोष्टी अजून निघतात. मात्र युद्धातही खेळलो होतो या गोष्टीचा फार अभिमान मिरवण्यात अर्थ नाही. १९४३-४४ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती आणि त्याच हंगामात बंगालचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात खेळत होता. स्पर्धा चालू राहिली म्हणजे समाज शाबूत होता असे नाही. तेव्हा ‘त्यांनी युद्धात खेळवले, यांना साथीत जमले नाही’ हा युक्तिवाद मी करणार नाही. साथ ही गोष्टच वेगळी. आमच्या आजीच्या तोंडी प्लेगाच्या आठवणी होत्या. गावाबाहेर झोपड्या बांधून राहिल्याच्या, घराला कुलूप लावून तुळशीला पाणी घालायला तेवढे गावात आल्याच्या. ज्या रोगात माणसाने माणसाजवळ जायचे नाही, त्या रोगात पाच दिवस बावीस माणसांना एका मैदानात कोंडणे सोपे नव्हते, हे मान्यच.

मग आक्षेप कशाला? आक्षेप निवडीला आहे. १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या काळात आयपीएल संयुक्त अरब अमिरातीत पार पडली. विमाने ठरली, हॉटेलांचे मजले घेतले गेले, तपासण्या झाल्या, खेळाडू जैवसुरक्षित वेष्टनात राहिले. जे करता येते ते करून दाखवले गेले. पाकिस्तानने आपली कायदे आझम करंडक स्पर्धा ऑक्टोबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात एकट्या कराचीत उरकली. तिचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि करंडक दोघांत वाटला गेला. इंग्लंडने काउंट्यांचे गट पाडून बॉब विलिस करंडक नावाची आटोपशीर स्पर्धा नव्याने उभी केली. ऑस्ट्रेलियाने शील्डचे बरेच सामने अ‍ॅडलेडच्या आसपास एकवटले. आपल्याकडे ३८ संघ, ही अडचण खरी आहे. तेवढ्या संघांना महिना-दोन महिने बंदिस्त ठेवायचे तर खर्च आणि जोखीम दोन्ही मोठ्या. पण ३८ संघांना वीस षटकांच्या आणि पन्नास षटकांच्या सामन्यांसाठी सहा सहा शहरांत बंदिस्त ठेवलेच की. मग बाद पद्धतीने, थोडक्यात, आटोपशीर का होईना, चार दिवसांचे सामने का नकोत? दिवस कमी होते आणि कमी दिवसांत काय ठेवायचे याचा निर्णय झाला. वाण्याकडे पैसे कमी पडले की बाई यादीतले काय खोडते त्यावरून त्या घराची रीत कळते.

थोडे थांबून उलट बाजूही पाहायला हवी. एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली तेव्हा आयपीएलही ४ मे २०२१ रोजी थांबवावी लागली. रणजी तोवर चालू असती तर कुठल्या तरी लहान गावच्या मैदानावर, अपुऱ्या डॉक्टरांनिशी, काय झाले असते ते सांगता येत नाही. ज्यांनी निर्णय घेतला ते सगळे बेपर्वा होते असे मला म्हणायचे नाही. पण निर्णयाच्या वेळी दुसरी लाट दिसत नव्हती. जानेवारीच्या अखेरीस आकडे उतरले होते. फेब्रुवारीत इंग्लंडचा संघ कसोटी खेळायला चेन्नईत उतरला आणि दुसऱ्या कसोटीला तर प्रेक्षकही आत सोडले गेले. म्हणून नंतरच्या लाटेचे समर्थन आधीच्या निर्णयाला लावणे हा उत्तर पाहून गणित सोडवण्याचा प्रकार झाला. काका अशा उत्तराला शून्य गुण देत.

या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट तारखांत आहे. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले. मुख्य गोलंदाज एकामागून एक जायबंदी झालेले, आणि उरलेल्यांनी, राखीव म्हणून नेलेल्यांनी, कसोटी जिंकली. पालघरहून लोकलने मुंबई गाठत क्रिकेट शिकलेला शार्दूल ठाकूर, हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज. सिराज २०१६-१७च्या रणजी हंगामातल्या बळींमुळेच पुढे आला. वडील नोव्हेंबरमध्ये वारले तेव्हा तो दौऱ्यावर होता आणि परतला नाही. गॅबाच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकांत ‘भारतीय क्रिकेटची राखीव फळी’ या विषयावर अग्रलेख आले. ती फळी येते कुठून, हेही त्यांत लिहिलेले होते. आणि अकराव्या दिवशी रणजी रद्द! ज्या विहिरीचे पाणी गोड म्हणून गावभर सांगितले, तिचाच रहाट काढून नेला. इथे कुणी म्हणेल की, त्याच सामन्यात पहिल्या डावात ठाकूरबरोबर १२३ धावांची भागी करणारा वॉशिंग्टन सुंदर तीन-चार वर्षांत प्रथम दर्जाचा एकही सामना खेळला नव्हता. खरे आहे. माझ्या मुद्द्याला ते छेद देते. ते लपवावे असे मला वाटत नाही. पण एका सुंदरवरून रणजीची गरज नाही असे ठरवायचे तर उरलेल्यांचे काय?

आता पैशाचे. रणजी खेळाडूला तेव्हा दिवसाला ३५,००० रुपये मिळत. चार दिवसांचा सामना म्हणजे १,४०,००० आणि साखळीतले आठ सामने म्हणजे ११,२०,००० रुपये. बाहेरून पाहणाऱ्याला ही रक्कम मोठी वाटते. मात्र ती वर्षाची कमाई आहे, ती संघात जागा टिकली तरच मिळते, आणि तिशी उलटली की संपते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी आयपीएलच्या लिलावात ख्रिस मॉरिस या दक्षिण आफ्रिकी खेळाडूवर १६ कोटी २५ लाखांची बोली लागली. वर्षाला साखळीचे बत्तीस दिवस धरले तर तेवढे पैसे मिळवायला रणजी खेळाडूला एकशे पंचेचाळीस वर्षे खेळावे लागेल. ही तुलना थोडी उथळ आहे हे मी कबूल करतो; नाटकवाल्याची आणि चित्रपटवाल्याची बिदागी कुणी एका तराजूत तोलत नाही. तरी गणिताच्या शिक्षकाचा पुतण्या असल्याने हिशेब केल्यावाचून राहवले नाही.

भरपाई मिळाली, पण ती जाहीर झाली २० सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे शेवटच्या रणजी सामन्यानंतर दीड वर्षाने. २०१९-२०च्या हंगामात जे खेळले त्यांना त्यांच्या मानधनाच्या निम्मी रक्कम जादा. त्याच वेळी मानधनही वाढवले : चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,०००, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५०,००० आणि बाकीच्यांना ४०,०००. वाढ चांगली झाली, त्याबद्दल किंतु नाही. भरपाईचा नियम मात्र वाचून पाहा. २०१९-२०मध्ये जो खेळला त्याला भरपाई. २०२०-२१मध्ये जो पहिल्यांदा खेळणार होता त्याला काय? ज्याचा हंगाम खरोखर गेला, म्हणजे ज्याच्या वाट्याला त्या वर्षी पहिली टोपी येणार होती, तो या नियमाच्या चौकटीत बसतच नाही. कारण तो खेळणार होता याचा पुरावा नाही. कोऱ्या पानावर नाव कसे सापडणार?

याहून वाईट वयोगटांचे. तेवीस वर्षांखालील मुलांची सी. के. नायडू स्पर्धा त्या वर्षी झाली नाही, एकोणीस वर्षांखालील मुलांचा कूचबिहार करंडक झाला नाही. मोठ्या खेळाडूचे वर्ष गेले तर तो पुढच्या वर्षी खेळतो. अठरा वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्याच्या हातून गटच निसटतो. आमच्या गल्लीत असा एक मुलगा होता. डावखुरा फिरकी गोलंदाज. धारवाड विभागाच्या निवड चाचणीपर्यंत पोचलेला. सकाळी सहाला सायकलवरून मैदानावर जाताना माझ्या दारावरून जायचा, त्यावर मी घड्याळ लावायचो. फेब्रुवारीत त्याची आई दळण आणायला निघालेली दारात भेटली. म्हणाली, “काका, यंदा मॅचा नाहीत म्हणे की हो. टीव्हीवर तर खेळायलेत सगळे. मग आमच्या पोराचंच तेवढं का बंद?” मी त्यांना जैवसुरक्षा, खर्च, ३८ संघ वगैरे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हं, असंल बाई.” माझ्या स्पष्टीकरणाची त्याहून योग्य समीक्षा होऊ शकत नाही.

मोठ्यांतही उदाहरण हवे तर सरफराज खानचे घ्या. २०१९-२०मध्ये मुंबईकडून त्याने ९२८ धावा केल्या, त्यांत उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद ३०१. त्यानंतरच्या, म्हणजे २०२१-२२च्या हंगामात ९८२. दोन्ही आकडे कुठल्याही पानावर शोभतील. मधल्या पानावर मात्र काहीच नाही. कसोटीची टोपी त्याला मिळाली फेब्रुवारी २०२४मध्ये. मधला हंगाम झाला असता तर ती लवकर मिळाली असती असा दावा मी करत नाही. बॅट तळपत असलेल्या फलंदाजाचे एक वर्ष म्हणजे काय, एवढेच या दोन आकड्यांमधल्या पोकळीवरून समजून घ्यावे. बिहारच्या साकिबुल गनीने फेब्रुवारी २०२२मध्ये पदार्पणातच ३४१ धावा काढून जागतिक विक्रम केला. वर्षभर आधी खेळला असता तर कदाचित दहा धावांवर पायचीत झाला असता. क्रिकेटमध्ये असेही असते!

आता जरा आपल्या, मराठी लेखकांच्या अंगणात येऊ, कारण हा वार्षिकांक साहित्याचा आहे. मराठीत क्रिकेटवर भरपूर लिहिले गेले. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या क्रीडापानाला प्रतिष्ठा दिली, शिरीष कणेकरांनी क्रिकेटच्या गप्पा रंगमंचावर नेल्या, द्वारकानाथ संझगिरींनी दोन पिढ्यांना परदेशातली मैदाने दाखवली. बाळ ज. पंडितांच्या धावत्या समालोचनाने ‘षटक’, ‘यष्टिचीत’, ‘त्रिफळा’ हे शब्द खेड्यापाड्यांत गेले. सीमाभागात तर ज्या मुलांना शाळेत मराठी मिळाली नाही, त्यांना हे शब्द रेडिओने दिले. आमच्या शेजारचे कन्नड काकासुद्धा ‘त्रिफळा उडाला’ असेच म्हणायचे, त्यांना त्यात भाषेचा प्रश्न दिसला नाही. या परंपरेचे ऋण मोठे आहे. पण तिची एक मर्यादा या कोऱ्या वर्षाने उघडी पाडली. आपले क्रिकेटलेखन घटनेवर जगते. शतक झाले की लेख, निवृत्ती झाली की लेख, निधन झाले की दोन लेख. भक्ती, आठवण आणि चुटका या तीन साच्यांत ते बहुतेक बसते. ज्यात काहीच घडले नाही असे वर्ष समोर आले तेव्हा या तिन्ही साच्यांत ओतायला काही नव्हते. कुणाची भक्ती करणार? न झालेल्या सामन्याची आठवण कोण सांगणार? टाळेबंदीच्या काळातल्या दिवाळी अंकांत, माझ्या हाती आले तेवढ्यांत, जुन्या सामन्यांच्या आठवणी पुष्कळ होत्या. जुने दौरे, जुने विजय, जुने किस्से. त्या वेळी घरी बसलेला, बँकेच्या वा रेल्वेच्या नोकरीवर क्रिकेट खेळणारा, तिशीच्या उंबरठ्यावरचा रणजीपटू काय करत होता, यावर एक पान माझ्या वाचनात आले नाही.

हे मराठीला जमण्यासारखे नाही असे मात्र नाही. न आलेले पत्र, न झालेले लग्न, चुकलेली गाडी, माणसाच्या हातून निसटून गेलेले आयुष्य यांवर आपल्या कथेने जन्म काढला. जी. ए. कुलकर्णी बेळगावचे, शिकवले त्यांनी धारवाडला. ज्या मुलखाने ‘नियती’ हा शब्द मराठी कथेत असा खोल रुजवला, त्या मुलखातल्या वाचकाला न खेळलेला डाव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. लागते ते एवढेच की, क्रिकेटवर लिहिणाऱ्याने धावफलकावरची नजर काढून पॅव्हेलियनमागच्या नेट्सकडे वळवावी. तिथे निकाल नसतो, म्हणून आपण तिथे जात नाही.

आणखी एक विसंगती. ज्या स्पर्धा वाचल्या त्यांना नावे कुणाची? विजय हजारे आणि मुश्ताक अली. एक सांगलीत जन्मून बडोद्याचे झालेले, दुसरे इंदूरचे. हजाऱ्यांनी १९४६-४७च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, तीही मुश्ताक अलींच्याच होळकर संघाविरुद्ध. कुठल्याही गड्यासाठी तो जागतिक विक्रम २००६पर्यंत टिकला. हजारे २८८, गुल महंमद ३१९. ज्यांनी दिवसच्या दिवस उभे राहून नाव मिळवले, त्यांचे नाव पन्नास आणि वीस षटकांच्या स्पर्धांना. आणि ज्या स्पर्धेत ते उभे राहिले ती यादीतून वगळलेली. नाव ठेवून काम काढून घ्यायची ही तऱ्हा आपल्या संस्थानिकांच्या तनख्याची आठवण करून देते.

त्या काळात करंडकाचे जे झाले ते हळवे करणारे होते. सौराष्ट्राकडे तो दोन वर्षांहून अधिक राहिला. कुणी जिंकून नेईना म्हणून राहिला. विजेत्याने शेष भारताविरुद्ध खेळायचा इराणी चषकाचा सामना मार्च २०२०मध्येच व्हायचा होता, तो झाला ऑक्टोबर २०२२मध्ये. तोवर मध्य प्रदेशाने पुढचा रणजी जिंकून झाला होता आणि सौराष्ट्राच्या विजयी संघातला अवी बारोट एकोणतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला होता.

गोव्याच्या वाचकांना वेगळी गोष्ट आठवेल. दिलीप सरदेसाई मडगावचे, पण त्यांच्या काळात गोव्याला रणजीचा संघच नव्हता. तो आला १९८५-८६मध्ये. २०१९-२०मध्ये प्लेट गटात पहिला येऊन गोवा उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तिथे गुजरातने ४६४ धावांनी धुतला हा भाग अलाहिदा. वरच्या गटात खेळायचा हक्क मिळवून हा संघ दोन वर्षे दारात उभा राहिला. आत घेतले तेव्हा गटात मुंबई आणि सौराष्ट्र.

इंदूरकरांच्या पदरात मात्र देवाने उशिरा का होईना घातले. जून २०२२मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि पहिला रणजी करंडक नेला. होळकर संघाने चार वेळा नेला होता, पण तो वेगळ्या नावाने, वेगळ्या राज्यात. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचा माणूस. याच मैदानावर १९९८-९९मध्ये ते मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी त्याच सीमारेषेजवळ ते रडले, ते सर्वांनी पाहिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांची त्या डावातली शतके मी वहीत अधोरेखित केली आहेत. पुढच्या मार्चमध्ये इराणी चषकाचा सामना ग्वाल्हेरला झाला आणि यशस्वी जयस्वालने तिथे २१३ आणि १४४ धावा केल्या. लोक मैदानावर परतले होते.

खरेच परतले का? ३० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे त्या बातमीला नेमकी चार वर्षे झाली त्या दिवशी, विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध रणजी खेळायला उतरला आणि मैदानाबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याची दांडी गुल केली. कोहली सहा धावांवर बाद झाला आणि थोड्याच वेळात बाके रिकामी झाली. सामना चालूच होता.

गल्लीतला तो मुलगा आता उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे. रविवारी टेनिस बॉलचे सामने खेळतो. गेल्या चतुर्थीला गणपती पाहायला आला, तेव्हा टेबलावरची वही त्याने सहज चाळली. २०२०-२१च्या कोऱ्या पानावर थोडा वेळ थांबला. “हे राहिलंय काय काका?” त्याने विचारले. मी हो म्हणालो. मग पान उलटून तो मध्य प्रदेशाच्या संघातली नावे वाचत बसला, आणि डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे बळी किती, ते त्याने बोट ठेवून मोजले.